बांबेर्गचा कांदा आणि आमचे हे

आमचे हे एखाद्या गोष्टीला ‘छान’ म्हणाले की मी सावध होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी केलेल्या भाजीला त्यांनी कधी छान म्हटलेलं नाही. मीठ कमी आहे, फोडणी करपली, वांगं जून निघालं, असं काहीतरी म्हणतात आणि पुन्हा पुन्हा वाढून घेतात. छान हा शब्द त्यांनी परक्यांसाठी राखून ठेवलाय. धाकट्या नणंदेसाठी स्थळं बघायला जायचे, तेव्हा जे स्थळ नाकारायचं असेल तिथे ह्यांची जीभ नुसती साखरेत घोळायची. घर छान, मंडळी छान, पोहे तर फारच छान. ‘विचार करून कळवतो’ म्हणून निघायचे आणि गाडी रस्त्याला लागली की म्हणायचे, ‘जमणार नाही.’ ज्या घरी शेवटी तिला दिली, त्या घरी मात्र पहिल्याच बैठकीत विहिरीवरची मोटर कुठे बसवावी यावरून नणंदेच्या सासऱ्यांशी कडाक्याचं भांडण करून आले होते. परक्याशी गोड बोलायचं आणि आपल्या माणसाशी वाद घालायचा, हा ह्यांचा कायदा.

म्हणून बांबेर्गच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर हे ‘वा, छान’ म्हणाले, तेव्हा मी मंदारकडे बघितलं. तो खुशीत होता. त्याला वाटलं, बाबा विरघळले.

बांबेर्गला आम्ही का गेलो ते आधी सांगते. मंदार आमचा एकुलता एक मुलगा, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला एका कंपनीत इंजिनीअर आहे. आम्ही निफाड तालुक्यातले, कांदा आणि द्राक्षवाले. मी गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. मंदारनं दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं की त्याच्या ऑफिसातल्या काट्रिन नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचंय. माझं मत पहिल्याच व्हिडिओ कॉलला होऊन गेलं होतं. मुलीनं माझ्याकडे नीट बघून, मंदारकडून शिकलेल्या मराठीत विचारलं होतं, ‘काकू, थालीपीठ तव्याला चिकटतं. मी काय चुकते?’ ह्यांनी मात्र दोन वर्षं एवढंच म्हटलं, ‘आधी बघू.’ त्या दिवसापासून गावच्या शेततळ्याबद्दल मंदारचं मत विचारणं त्यांनी बंद केलं. मला त्याचा अर्थ कळत होता. सून तिकडची आली की मुलगा कायमचा तिकडचा झाला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

या वर्षी उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला आणि जुलैत आम्ही जर्मनीला गेलो. काट्रिनचे आईवडील बांबेर्गचे. मंदारनं ठरवलं की शनिवारी आपण तिकडे जाऊ, ते लोक दिवसभर पायी पायी शहर दाखवतील, आणि संध्याकाळच्या गाडीत बसेपर्यंत बाबा हो की नाही ते सांगतील. थोडक्यात, हा बघण्याचा कार्यक्रमच होता, फक्त मुलीच्या जागी अख्खं शहर बघायचं होतं.

स्टेशनावर काट्रिन आणि तिचे वडील गेऑर्ग घ्यायला आले होते. काट्रिन उंच, केस वर बांधलेले. तिनं आधी नमस्कार केला आणि लगेच माझ्या पायांकडे बघितलं. साडीखाली मी मंदारचे जुने स्पोर्ट्स शूज घातले होते.

‘गुड,’ ती म्हणाली. ‘बांबेर्गमध्ये दगड आहेत काकू. खूप दगड.’

गेऑर्ग म्हणजे रुंद खांद्यांचे, चौकटीचा शर्ट घातलेले, आणि बोलायला महाकंजूष. त्यांनी हात पुढे केला त्याच क्षणी ह्यांनी हात जोडले. त्यामुळे त्यांचा पंजा ह्यांच्या दोन तळव्यांमध्ये सापडला. दोघंही सोडेनात. अखेर काट्रिननं वडिलांचा हात ओढून सोडवला.

मंदारनं आम्हाला सांगितलं होतं की काट्रिनचे वडील गार्डनर आहेत. मी आपली नगरपालिकेच्या बागेतला, मेंदीचं कुंपण कापणारा माळी डोळ्यासमोर आणला होता. त्यांच्या बुटांना चिखल होता आणि तो माझ्या कल्पनेत चपखल बसला.

चालायला सुरुवात झाली. कालव्यावरचा पूल ओलांडला की जुनं गाव लागतं. मोटारींना बंदी असलेल्या एका रुंद रस्त्यावर भाजीबाजार भरला होता. ओरडणं नाही, पाणी मारणं नाही, मुळ्यांच्या जुड्या शाळेतल्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या. मधोमध त्रिशूळ घेतलेल्या समुद्रदेवाचं कारंजं आहे, त्याला गावकरी सरळ ‘काटेवाला’ म्हणतात. देवाचं असं घरगुती नाव ठेवणारं गाव मला आवडलं. काटेवाल्याच्या पलीकडच्या एका दुकानावर काट्रिनची आई, मोनिका, भाजी विकत होती. तिनं गिऱ्हाईक तसंच ठेवून मला मिठी मारली आणि सगळ्यांच्या हातात एकेक चंद्रकोरीसारखा लोण्याचा पाव ठेवला. तो इतका खुसखुशीत होता की अर्धा माझ्या पदरावर सांडला.

हे दुकानासमोर उभे राहिले. तिथे कांदे होते, लांबट, नाशपातीच्या आकाराचे. ह्यांनी एक उचलला, अंगठ्यानं त्याची मान दाबली, वास घेतला आणि खाली ठेवला. लासलगावच्या बाजारात ह्यांनी अशी मान दाबली की व्यापाऱ्याला घाम फुटतो.

‘छान,’ हे म्हणाले.

मंदारनं लगेच भाषांतर केलं. जर्मनमध्ये ते वाक्य बरंच लांब झालं, आणि मोनिकाचा चेहरा उजळला. गेऑर्ग ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी फक्त ‘बास्ट शो’ म्हटलं.

‘म्हणजे काय गं?’ मी काट्रिनला विचारलं.

‘चालतंय. बाबा कायम चालतंयच म्हणतात. आमच्या इकडे कोणी जास्त कौतुक करत नाही. माझा अबिटूरचा, म्हणजे बारावीचा, निकाल आला तेव्हा पण चालतंय.’

मला हसू आलं. एका बाजूला कौतुक न करणारा बाप, दुसऱ्या बाजूला नको तेव्हाच कौतुक करणारा, आणि मध्ये आमचा मंदार दोघांच्या बोलण्याला साखर लावून इकडचं तिकडे पोचवत होता.

पुढे नदी आली. आणि नदीच्या मधोमध, पाण्यातच, जुनं नगरगृह. गोष्ट अशी सांगतात की इथल्या बिशपनं नागरिकांना इमारतीसाठी जमीन द्यायला साफ नकार दिला. मग लोकांनी नदीत खांब ठोकले, बेट तयार केलं आणि त्याच्यावर नगरगृह बांधलं. दोन्हीकडून पूल येऊन त्याला धरून ठेवतात. एका बाजूला लाकडी चौकटींचं छोटं पिवळं घर पाण्याच्या धारेवर कसंबसं ओणवलेलं दिसतं. भिंतींवर चित्रं आहेत आणि त्यातल्या एका गोंडस बाळाचा पाय चक्क भिंतीतून बाहेर आलाय, खरा दगडाचा. चित्र कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतो ते शोधत मी बराच वेळ मान वर करून उभी होते.

एरवी ही गोष्ट ऐकून ह्यांनी तासभर पिडलं असतं. नदीच्या पात्रात बांधकाम कसं चालतं, सातबारा कोणाच्या नावावर, पूररेषा कुठे, बिशपनं कोर्टात का नाही खेचलं. त्या दिवशी त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘छान बांधलंय.’

‘बाबांना आवडतंय,’ मंदार माझ्या कानात म्हणाला.

त्याच्या आनंदावर आत्तापासून पाणी कशाला घालायचं?

नदीनंतर चढ लागतो. बांबेर्गला सात टेकड्या आहेत आणि त्यातल्या एकीवर चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल. काट्रिननं सांगितलेले दगड इथे भेटले. गोल, गुळगुळीत, प्रत्येकाचा उतार वेगळ्या दिशेला. मी साडीच्या निऱ्या एका हातात धरून, दुसऱ्या हातानं काट्रिनचा दंड धरून चढत होते. गेऑर्ग पुढे चालत मधेच थांबायचे, बोटानं एखादं दार, एखादा दगडी संत दाखवायचे आणि एक वाक्य बोलायचे. मंदार त्याचं मराठी करायचा. वर पोचेस्तोवर माझ्या लक्षात आलं की आमच्या मागे लोक वाढलेत. एक म्हातारं जोडपं, उन्हाच्या टोप्या घातलेल्या दोन बायका आणि एक सायकल हातात धरलेला गृहस्थ. गेऑर्ग हात करून दाखवतायत म्हणजे हे गाइडच असणार, असं समजून ही मंडळी मागे लागली होती. मंदार मराठीत सांगू लागला की ते गंभीरपणे माना डोलवायचे. निफाडकडचं मराठी त्या टेकडीवर इतक्या आदरानं त्याआधी कोणी ऐकलं नसेल. गेऑर्गनी त्यांना हाकललं नाही, आणि गाइड नाही असंही सांगितलं नाही.

ती वरात घेऊन आम्ही कॅथेड्रलमध्ये शिरलो. आत खांबाला टेकून दगडी घोडेस्वार आहे. फार प्रसिद्ध. तो कोण हे मात्र आजवर कोणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. राजा म्हणतात, संत म्हणतात. घोड्यावर आरामात बसून तो कुठेतरी लांब बघतो, जणू त्याला विचारणाऱ्यांचा कंटाळा आलाय. त्याच्यापुढे सम्राट हाइनरिश आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची संगमरवरासारखी गुळगुळीत समाधी. बाजूला त्यांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. एका शिल्पात राणी अनवाणी चाललीय, आणि पायाखाली लाल तापवलेले नांगराचे फाळ. तिच्या चारित्र्यावर राजाला संशय आला, म्हणून तिनं हे दिव्य केलं.

मी तिथेच थबकले. आपल्याकडे अग्नी, इकडे नांगराचे फाळ. बायकांना मात्र दोन्हीकडे तेच सिद्ध करावं लागलं.

‘सीता पण गेली ना आगीत?’ काट्रिन म्हणाली. ‘मंदारनं सांगितलं होतं. मग रामानं सॉरी म्हटलं?’

‘तसं कुठे वाचलं नाही बाई.’

‘इथे राजानं माफी मागितली म्हणतात. पण आधी तिला चालू दिलं.’ तिनं नाक उडवलं. ‘मी चालले नसते.’

‘मग काय केलं असतंस?’

‘त्याला म्हटलं असतं, तू चाल.’

देवळात मोठ्यानं हसू नये, पण मी हसले. आमच्या मागची उन्हाच्या टोपीतली बाईही कशाला ते न कळता हसली. हे मात्र वाकून फाळ बघत होते. ‘फाळ छान काढलेत,’ एवढं बोलून बाहेर गेले.

शेजारच्या राजवाड्याच्या मागे गुलाबबाग आहे. गुलाबांचं मला फार नाही, पण कठड्यावरून दिसणारं गाव मी विसरणार नाही. लाल कौलांचा नुसता समुद्र. चर्चचे सुळके, धुराडी, मध्ये चमकणारी नदी. आमची वरात इथे गुलाबांत विखुरली. गेऑर्गनी हात लांब करून स्टेशनाच्या दिशेला काहीतरी दाखवलं. मंदार फोटो काढण्यात गुंग होता. मी भूगोलाची मास्तरीण, मला तेवढ्यात दिसलं की तिकडे कौलांच्या मधोमध हिरव्या लांब पट्ट्या आहेत. बागेच्या नव्हेत, सरळ वाफ्यांच्या. ह्यांनीही डोळ्यांवर हात धरून बघितलं. विचारलं काहीच नाही.

दुपारी दुसऱ्या एका टेकडीवर जेवायला नेलं. तिथे बिअरचं जुनं तळघर आणि त्याच्या डोक्यावर मोठमोठ्या चेस्टनटच्या झाडांखाली लाकडी बाकं. इथली बिअर धुरावलेल्या धान्याची असते. शेकोटीत भाजलेल्या बटाट्याच्या सालीला जो वास येतो, तोच. ह्यांनी गेऑर्गच्या मानाला म्हणून एक घोट घेतला, डोळे मिटले आणि छान म्हणाले. मी मनात म्हटलं, संपलं.

मी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. परक्या हॉटेलात घरचं खाल्लं तर मालक हाकलून देईल ही माझी भीती. म्हणून डबा पर्समध्येच उघडला आणि टेबलाखालून एकेक पुरी मंदारच्या मांडीवर सरकवू लागले. वेटरबाई जवळ आली की हसून आकाशाकडे बघायचे. दुसरी पुरी जाताना खाली पडली आणि शेजारच्या टेबलाखालच्या कुत्र्यानं ती खाल्ली. कुत्र्याची मालकीण वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गेऑर्गनी आपल्या पिशवीतून चौकड्याचं कापड काढून टेबलावर पसरलं. त्यावर पाव, चीज, मुळा, चाकू, मिठाची डबी असं ओळीनं मांडलं. मी आजूबाजूला बघितलं, तर निम्म्या टेबलांवर लोकांनी घरचेच डबे सोडले होते.

‘काकू, इथे फक्त बिअर त्यांची घ्यायची,’ काट्रिन म्हणाली. ‘खाणं घरचं चालतं. जुनी पद्धत आहे. तुम्ही टेबलाखाली काय करता?’

‘काही नाही,’ म्हणत मी डबा वर काढला. गेऑर्गनी पुरीवर चमचाभर चटणी घेतली आणि एका घासात संपवली. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. ‘बास्ट शो,’ ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि दुसरी घेतली. मला फार बरं वाटलं. ह्यांनी मुळ्याची चकती चाखून तिलाही छान म्हटलं. त्यांना मुळा आवडत नाही.

टेकडी उतरताना मी मुद्दाम मागे राहिले आणि ह्यांना गाठलं.

‘अहो, काय ठरवलंत?’

‘माणसं चांगली आहेत.’

‘ते दिसतंय मला. तुम्ही काय ठरवलंत?’

त्यांनी आधी पुढचा निसरडा दगड ओलांडला. मग म्हणाले, ‘आपण जाऊ, येऊ, ते आपल्याला पुऱ्या-चटणी विचारतील, आपण त्यांना छान म्हणू. पाहुण्यासारखं किती वर्षं करायचं? मुलाच्या घरी पाहुणा व्हायचं मला जमायचं नाही. घरी गेल्यावर बोलू.’

हे ऐकून मला रडू आलं. रागही आला, पण तो कोणावर काढायचा? त्यांचं चुकत नव्हतं आणि मंदारचंही नाही. पुढे काट्रिन मंदारच्या पाठीवरचे चटणीच्या बोटांचे डाग पुसत होती. मी डोळे पुसले आणि चालू लागले.

परतीची वाट नदीकाठानं होती. पलीकडे कोळ्यांची जुनी घरं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी, प्रत्येकाला लाकडी सज्जा, सज्जात लाल फुलं. पण माझं लक्ष नव्हतं, त्यामुळे त्याचं वर्णन इथे फारसं करता येत नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी ते मोकळ्या मनानं बघावं.

स्टेशनाच्या अलीकडे एका साध्या रस्त्यावर गेऑर्गचं घर. घराला घर चिकटलेलं, कुठे अंगण नाही, झाड नाही. फक्त प्रत्येक घराला एक अवाढव्य लाकडी दरवाजा. गेऑर्गनी तो ढकलला. आत बोळ, बोळात ढकलगाडी, खोरी, क्रेट, आणि बोळ संपला तिथे शेत.

गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी घरांच्या पाठी, आणि मध्ये काळीभोर जमीन लांबच लांब पसरलेली. कोशिंबिरीच्या पाल्याचे वाफे, बटाटे, लीकची जाड पात, कांदा. एका कडेला हिरवी झुडपं होती. गेऑर्गनी त्यातल्या एकाचं मूळ उकरून मोडलं आणि मला चघळायला दिलं. जिभेवर ठेवलं आणि मी ओळखलं, ज्येष्ठमध. खोकल्याला आजीबाईच्या बटव्यातलं. इथली माणसं ते शेकडो वर्षं पिकवतायत.

‘हे कोणाचं?’ ह्यांनी विचारलं.

‘आमचं,’ काट्रिन म्हणाली. ‘बाबांचं, आजोबांचं, त्यांच्या पण बाबांचं.’

मी मंदारकडे वळले. ‘गार्डनर म्हणजे हे? शेतकरी आहेत असं सांगायला काय झालं होतं तुला?’

‘म्हणजे... इथे सगळे त्यांना गार्डनरच म्हणतात, आई. मला वाटलं तुम्हाला कळेल,’ मंदार म्हणाला आणि मोनिकाचे क्रेट आणायला बाजाराकडे पळाला. बोलणी खायची वेळ आली की पळणं हे त्यानं लहानपणापासून सोडलेलं नाही.

ह्यांनी बूट काढले. मातीत शिरताना ते काढतातच. मूठभर माती घेऊन दाबून बघितली, कांद्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. पात अजून हिरवी होती, थोडीशी वाकू लागलेली. तोवर गेऑर्ग आतून लाकडाच्या दोन जोड फळ्या घेऊन आले. त्यांनी एक जोड बुटांखाली पट्ट्यांनी बांधली, दुसरी ह्यांच्यापुढे ठेवली आणि काहीतरी बोलले. चेहऱ्यावर असा भाव, की घरातली मानाची वस्तू पाहुण्याच्या हाती देतायत.

‘बाबा म्हणतात, आमच्याकडे कांद्यावर चालतात,’ काट्रिन सांगू लागली. ‘पात पायानं पाडायची, मग ताकद खाली कांद्यात जाते. म्हणून बांबेर्गच्या लोकांना कांदे तुडवणारे म्हणतात. पहिली ओळ बाबा चालतील, दुसरी पाहुण्यानं. हा मान असतो.’

गेऑर्गनी वाफ्यात पाऊल टाकलं. हिरवी पात करकर करत आडवी झाली.

‘थांबा,’ हे म्हणाले.

गेऑर्गनी दुसरं पाऊल टाकलं.

‘अहो थांबा म्हणतो ना.’ ह्यांनी उठून सरळ त्यांचा दंड धरला. ‘उभ्या पिकावर पाय देता? लाज नाही वाटत?’

आमच्या भागातही काही जण पात पाडायला कांद्यावरून रिकामा ड्रम फिरवतात, आणि हे त्यांनाही शिव्या घालतात. पण इथे? मंदार नाही, साखर लावायला कोणी नाही. काट्रिननं एकदा ह्यांच्याकडे, एकदा वडिलांकडे बघितलं आणि जर्मनमध्ये बोलली. गेऑर्गचा चेहरा चटणी खाल्ल्यासारखा झाला.

‘बाबा म्हणतात, आम्ही कायम असंच करतो. त्यांचे आजोबा पण.’

‘आजोबांचं चुकत होतं म्हणावं. कांद्याची मान आपोआप पडली पाहिजे. मोडली की त्यातून पाणी शिरतं, कांदा आतून सडतो. हा कांदा टिकायचा नाही. सकाळी तिथे बाजारात मी मान दाबली, तेव्हाच मला कळलं होतं.’

काट्रिननं सांगितलं. गेऑर्गनी फळ्या आपटल्या आणि भराभर बोलू लागले. दिवसभरात मिळून बोलले नसतील एवढं.

‘बाबा म्हणतात, आमचा कांदा मार्चपर्यंत टिकतो.’

‘टिकणारच. तुमच्याकडे अख्खा देश फ्रिजमध्ये असतो. त्यात कांद्याचं काय कौतुक? माझ्या चाळीत मे महिन्याच्या उन्हात ठेवून दाखवा.’ मग हे काट्रिनकडे वळले. ‘तू बरोबर सांगतेस ना? मंदारसारखं गोड करून नाही ना?’

‘नाही काका. तुम्ही म्हणता तसंच सांगते. मंदार घाबरतो.’

‘मग खरं सांग. मार्चमध्ये तुमचा कांदा कसा असतो? तू खाल्लायस ना?’

काट्रिननं वडिलांकडे बघितलं. गेऑर्गना मराठीचा शब्द कळत नव्हता, पण प्रश्न कळला असावा. ते कंबरेवर हात ठेवून मुलीकडे बघत राहिले.

‘थोडे कोंब येतात,’ ती म्हणाली. ‘काही मऊ पण होतात.’

‘सांग त्यांना, तू काय म्हणालीस ते.’

तिनं सांगितलं. गेऑर्ग भडकले. आता ते तिच्यावर, ह्यांच्यावर आणि बहुधा सगळ्या हिंदुस्थानच्या कांद्यावर ओरडत होते. हे मराठीत, ते जर्मनमध्ये, दोघं वाफ्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसून एकमेकांना कांदे उपटून दाखवत होते. मुळं दाखवत होते, माना दाखवत होते. काट्रिनचं भाषांतर मागे पडलं आणि त्याची गरजही नव्हती. मी तिथल्या उलट्या क्रेटवर बसले. सकाळपासून पहिल्यांदा हे घरच्यासारखे बोलत होते.

‘गेऑर्गराव,’ हे शेवटी दम खाऊन म्हणाले, ‘असं तोंडानं कळायचं नाही तुम्हाला. काट्रिन, सांग त्यांना. लग्न एप्रिलच्या सुरुवातीला धरू. तेव्हा आमचा उन्हाळ कांदा काढणीला येतो. आठ दिवस आधीच या म्हणावं, आणि माना कशा पडतात ते आपल्या डोळ्यांनी बघा.’

काट्रिननं तोंड उघडलं. ‘इम अप्रिल,’ एवढं म्हणाली आणि थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

गेऑर्गनी तिला काहीतरी विचारलं.

‘सांग ना,’ हे म्हणाले. ‘लाज नाही वाटत ते सांगितलंस, सडका कांदा सांगितलास, आता काय झालं?’

तिनं मनगटानं नाक पुसलं आणि सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. गेऑर्ग ऐकत होते. हातातल्या कांद्याची माती त्यांनी अंगठ्यानं पुसली, पुन्हा पुसली. पायाच्या फळ्या सोडल्या. मग उभे राहिले, ह्यांच्याकडे बघून ठामपणे मान नाही अशी हलवली आणि एकच वाक्य बोलले.

काट्रिन रडत होती आणि हसतही होती. ‘बाबा म्हणतात, एप्रिलमध्ये जमणार नाही. तेव्हा आमची लागवड असते. लग्न जानेवारीत करा.’

हे माझ्याकडे वळले. इतका खूश झालेला त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

‘बघितलंस?’ हे म्हणाले. ‘अजून सुपारी फुटली नाही, आणि मुलीकडचे आत्तापासून अडून बसले.’